न विचारता उचललेलं: तुमचे अनुभव लिहा

कथा, फोटो, चाल, नोट्स, काहीही. तुम्ही केलेलं काम भलत्याच ठिकाणी, भलत्याच नावाने भेटलंय का? मग काय केलंत? इथे लिहा. दुकानांची, चॅनेलांची, माणसांची नावं गाळा, प्रसंग मात्र नीट सांगा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण दर वेळी गाडी तिथेच अडते: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं, टिपलं, ध्वनिमुद्रित केलं की हक्क लागू. नोंदणीचा उपयोग पुढे वाद झाला तर पुरावा म्हणून.

कथालेखिका, सांगली

दिवाळी अंकात आलेली माझी एक कथा मी नंतर फेसबुकवर टाकली होती. काही महिन्यांनी भाचीने लिंक पाठवली, "मावशी, ही तुझीच ना गं?" अभिवाचनाच्या एका चॅनेलवर एक बाई माझी कथा वाचत होत्या. वाचत होत्या छान, खोटं कशाला बोलू. मागे बासरी. शेवट मात्र बदललेला! माझी सून घर सोडून जाते. यांची सून सासूच्या पाया पडते. लेखिकेचं नाव कुठेच नाही आणि खाली लोक त्या बाईंनाच "ताई, किती सुंदर लिहिता" म्हणतायत.

मी साधा मेसेज केला. उत्तर आलं, "व्हॉट्सॲपवर आली होती, लेखक माहीत नव्हते, आता नाव टाकतो." आणि टाकलंसुद्धा. घरचे म्हणाले, मिळालं ना नाव, आता काय? आता काय म्हणजे, तो पाया पडण्याचा शेवट माझ्या नावावर जमा झाला! त्यापेक्षा बिननावाची होती तेच बरं होतं. आणि नाव दिलं की परवानगी मिळाली, हे कुणी ठरवलं?

कलम ५७ मला तेव्हा कळलं. कॉपीराइट विकून टाकला तरी कृतीवर आपलं नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड थांबवण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने उतरवून गोदामात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे ते त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाखांची भरपाई.

मी काही कोर्टात गेले नाही. यूट्यूबचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरला. त्यात समोरच्याला सात दिवसांची मुदत देण्याची सोय असते. तेवढ्यात त्याने स्वतःहून व्हिडिओ काढला तर चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबचा ठपका, लागत नाही. मी तीच निवडली. व्हिडिओ गेला. बाईंनी मला ब्लॉक केलं. फॉर्म भरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तक्रारदाराचं नाव समोरच्याला कळू शकतं.

चारोळीवाला, अमरावती

माझ्या चारोळ्या रोज कुणाच्या ना कुणाच्या 'शुभ सकाळ'खाली गुलाबाच्या फुलासकट फिरतात. फिरू देत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात कुणाकुणाला धरणार? फक्त कुणी कपवर, कुर्त्यावर छापून विकायला लागला की मी फोन करतो. विकण्यात माझा वाटा पाहिजे, बाकी कवितेला पाय फुटले तर मला आनंदच आहे. सांगलीच्या ताईंना पटणार नाही, ठाऊक आहे.

लग्नाचे फोटो काढणारा, कोल्हापूर

मी काढलेला नवरीचा फोटो गुजरीतल्या एका सराफाने थेट फ्लेक्सवर लावला. इन्स्टावरून उचललेला, माझा वॉटरमार्क कापून. वकिलाकडे गेलो तर ते म्हणाले, फोटो तुमचा नाहीच! कलम १७: पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे नवरीचे वडील. आमच्या धंद्यातल्या निम्म्या पोरांना हे सांगितलं तर भांडायलाच उठतील.

शेवटी वडीलच दुकानात गेले आणि दुपारच्या आत फ्लेक्स उतरला. (त्यांचा आवाज तसा आहे.) आता माझ्या बुकिंगच्या कागदावर मालकी कुणाची आणि जाहिरातीला वापरायचं तर कुणाला विचारायचं, दोन्ही लिहिलेलं असतं. पन्हाळ्याचे, रंकाळ्याचे मी माझ्या हौसेने काढलेले फोटो ही गोष्ट वेगळी. ते माझेच.

भजनी मंडळातला पेटीवाला, बार्शी

आमचं उलटंच दुखणं आहे. एकादशीला देवळात तुकोबांचा अभंग म्हटला, पोरांनी यूट्यूबवर चढवला. दुसऱ्या दिवशी दावा हजर: हे गाणं अमुक म्युझिक कंपनीचं. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालतो. तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं होत आली! चालही वारीतली, बापजाद्यांपासून ऐकलेली. आता एखाद्या संगीतकाराने अभंगाला बांधलेली नवी चाल त्याची, कंपनीचं रेकॉर्डिंग कंपनीचं, हे मान्य. पण पखवाज आमचा, गळा आमचा, आणि व्हिडिओवर जाहिराती लागल्या तर पैसे त्यांना? ही तपासणी यंत्र करतं. सूर जुळले की झालं.

पुतण्याने हरकत नोंदवली. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. उत्तर आलंच नाही, दावा गळून पडला. पुढच्या एकादशीला दुसऱ्या अभंगावर दुसऱ्या कंपनीचा. हक्क नसताना हक्क सांगणाऱ्याचं काय करायचं, हे कुणी सांगेल का?

फिजिक्सचे सर, लातूर

माझ्या नोट्सची पीडीएफ जूनमध्ये वर्गात देतो, जुलैत टेलिग्रामवर असते. चॅनेल बंद पाडलं की नवं उघडतं. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या दाव्यात टेलिग्रामला अशा चॅनेलवाल्यांची माहिती द्यायला लावली, तेव्हा जरा हायसं वाटलं. पण लातूरहून दिल्लीला जायचा खर्च नोट्सच्या कमाईपेक्षा जास्त. आता प्रत्येक प्रतीवर विद्यार्थ्याचं नाव आणि हजेरी क्रमांक फिकट छापतो. फुटणं पुष्कळ कमी झालंय. तरीही नाव खोडून टाकणारे आहेत. त्यांनी तेवढी मेहनत न्यूमेरिकल्सवर घेतली असती तर!

अनुवादक, बंगळुरू

माझ्या कन्नड-मराठी अनुवादाचं पुस्तक निघालं, आणि पुढे ते एका ॲपवर ऐकायलाही मिळू लागलं. मला पत्ता नाही. प्रकाशक म्हणाले, "पुस्तकाचे हक्क दिलेत की तुम्ही." कागद काढून पाहिला: फक्त छापील आवृत्ती, मुदत लिहिलेलीच नाही. हक्क लेखी दिले पण मुदत लिहिली नाही, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. माझी पाच वर्षं उलटली होती. म्हणजे ऑडिओ सोडाच, छापील हक्कही माझ्याकडे परत आलेले.

हे पत्रात लिहून पाठवलं आणि मूळ कन्नड लेखकांनाही प्रत धाडली, कारण अनुवादाची परवानगी त्यांची होती आणि ऑडिओबद्दल त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. ते माझ्याहून जास्त चिडले. आता नवा करार झालाय. छापील वेगळं, ई-बुक वेगळं, ऑडिओ वेगळं, प्रत्येकाची मुदत तीन वर्षं. कुणाला मसुदा पाहायचा असेल तर रकमा झाकून देते.