पतसंस्थेचं खातं 'ब्लॉकचेनवर' असेल तर खात्री ठेवीदाराने करायची की ऑडिटरने?

सातपूर_पाटील:
आमच्या सातपूरच्या एका पतसंस्थेने नवीन सॉफ्टवेअर घेतलं आणि दारातच बोर्ड लावला की आपलं खातं आता ब्लॉकचेनवर (म्हणजे नोंदी एकमेकींना साखळीसारख्या जोडणारी वही), छेडछाड अशक्य. काउंटरवर विचारलं की उद्या माझी एंट्री बदलली तर मला कसं कळणार, तर म्हणे बदलताच येत नाही, कंपनीने तसं लिहून दिलंय. माझं स्पष्ट मत आहे की जी गोष्ट मला बाहेरून तपासता येत नाही तिला छेडछाडमुक्त म्हणूच नये. सर्व्हर त्यांचा, अ‍ॅडमिन पासवर्ड त्यांचा, मधली एक नोंद बदलून पुढचे सगळे हॅश (नोंदीवरून गणिताने निघणारा ठसा, एक अक्षर बदललं की तोही बदलतो) नव्याने काढले की साखळी पुन्हा जुळते, त्याला एक रात्र पुष्कळ झाली.

आणि तपासणं अजिबात अवघड नाही हो. राल्फ मर्कल या संगणकतज्ज्ञाची पद्धत १९७९ पासून आहे. प्रत्येक एंट्रीचा हॅश काढायचा, दोन-दोन जोडून त्यांचा हॅश, मग परत दोन-दोन, असं झाड वर चढत शेवटी एकच हॅश उरतो तो रूट. १० लाख एंट्र्या असल्या तरी माझी एंट्री त्या रूटमध्ये आहे हे दाखवायला फक्त २० हॅश लागतात, एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीचा एक हॅश ३२ बाइटचा, म्हणजे सगळे मिळून ६४० बाइट. एंट्र्या १० कोटींवर गेल्या तरी २७ हॅश. साध्यातला साधा फोन हे डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. मग संस्थेने रोज रूट जाहीर करावा आणि प्रत्येक पावतीसोबत हा पुरावा द्यावा, एवढीच मागणी आहे.

सीए_कॉलेजरोड:
पाटील साहेब, गणित बरोबर आहे पण रोख चुकीच्या ठिकाणी आहे. मी पतसंस्थांचंच ऑडिट करतो. पैसे खातात ते किर्दीत नोंद पडायच्या आधी. पिग्मी एजंटने दुकानदाराकडून ५०० घेतले आणि मशीनवर ३०० मारले, तर तुमच्या झाडात ३०० च जाणार आणि पुरावाही ३०० चाच जुळणार, एकदम बिनचूक. बोगस कर्जदार उभा केला, सोनेतारणात खोटं सोनं ठेवलं, हे कुठल्या हॅशने पकडणार? त्यासाठी कर्जदाराच्या दारात जावं लागतं, तिजोरी उघडून पाकिटं मोजावी लागतात. लोकांना गणिताचा पुरावा हातात दिला की ते निर्धास्त होतात आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारायचे बंद होतात, मला भीती त्याची आहे.

निफाडची_ताई:
सीए सरांचं पटतं. गोणीचं तोंड शिवलेलं आहे एवढंच सील सांगतं, आत कांदा सडका निघाला तर सील काय करणार.

सातपूर_पाटील:
ताई, सर, पण सील तुटलंय की नाही हे तरी कळायला हवं ना. दोन लबाड्या वेगळ्या आहेत. खोटी नोंद करणं ही एक, आणि खरी नोंद नंतर बदलणं ही दुसरी. बॅकडेटेड एंट्री, मार्चअखेर व्हाउचर फिरवणं, मुदत ठेव परस्पर मोडून तारीख मागे टाकणं, हे सगळं दुसऱ्या प्रकारात येतं आणि ते ऑडिटरच्या हातात येतं तेव्हा फिरवून झालेलं असतं. तुम्ही तपासता ती किर्द एप्रिलमध्ये होती तीच आहे, हे तुम्हाला कोण सांगतं? आणि पिग्मीचं म्हणाल तर दुकानदाराला तिथल्या तिथे मेसेज गेला आणि त्यात ३०० दिसले की तो त्याच क्षणी एजंटला धरेल. मेसेजसोबत पुरावा असेल तर नंतर संस्थेला हात झटकता येत नाहीत.

अंबड_डेव्हलपर:
पाटील भाऊ, मी तुमच्या बाजूचा आहे पण मागणी अर्धीच केलीय. रूट जाहीर करणार कुठे, संस्थेच्याच वेबसाइटवर? मग तुम्हाला एक रूट दाखवतील आणि मला दुसरा, दोघांचे पुरावे आपापल्या जागी जुळतील आणि दोघंही खूश. खरी गोम इथेच आहे. रूट संस्थेच्या हाताबाहेर आणि सगळ्यांना एकच दिसेल अशा जागी जायला पाहिजे. हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी १९९१ ला कागदपत्रांच्या तारखेसाठी हॅशची साखळी मांडली, आणि त्यांची कंपनी १९९५ पासून दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातीत हॅश छापायची. छापून घरोघर गेलेला पेपर कोण परत गोळा करणार? नाशिकच्या एखाद्या दैनिकात आठवड्याला दोन ओळी टाकणं कुठल्याही पतसंस्थेला परवडतं.

दुसरं, फक्त माझी एंट्री आहे एवढ्याने भागत नाही, कालचं झाड आजच्या झाडात जसंच्या तसं आहे, फक्त पुढे भर पडलीय, हाही पुरावा मागा. तोही १० लाखांना साधारण तेवढ्याच हॅशमध्ये होतो, सगळा डेटा वाचावा लागत नाही. वेबसाइट खरी आहे हे सांगणाऱ्या सर्टिफिकेटांसाठी हेच चालू आहे. २०११ ला डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या डच कंपनीत घुसून गुगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट काढलं गेलं, त्यानंतर २०१३ मध्ये सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीचं, म्हणजे सर्टिफिकेटं उघड नोंदवहीत (लॉगमध्ये) टाकायचं, आरएफसी ६९६२ हे तांत्रिक टिपण आलं, आणि २०१८ पासून क्रोम नव्या सर्टिफिकेटांना लॉगमधल्या नोंदीचा पुरावा मागतं.

आणि एक काळजी घ्या. पुराव्यात शेजारच्या एंट्रीचा हॅश येतो. त्यात नुसता खातेनंबर, तारीख आणि रक्कम असेल तर कोणीही अंदाज लावत लावत शेजाऱ्याची ठेव शोधून काढेल. प्रत्येक एंट्रीत एक गुप्त रँडम आकडा मिसळलाच पाहिजे, नाहीतर मी स्वतः या योजनेला विरोध करेन.

सिडको_काकू:
अहो पण हे करणार कोण? आमच्या सासऱ्यांना पासबुकावर बोट ठेवून ओळ वाचावी लागते.

अंबड_डेव्हलपर:
काकू, सगळ्यांनी करायची गरजच नाही. आपापली एंट्री पन्नास जणांनी तपासली तरी संचालकांना माहीत नसतं की कोणाची तपासली जाणार. सासऱ्यांचं काम नातवाच्या फोनवर होईल.

सीए_कॉलेजरोड:
पन्नास जण रोज तपासतील यावर माझा विश्वास नाही. पहिला महिना उत्साह, मग कोणी बघत नाही. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा एडिट लॉग (कुठली नोंद कधी बदलली याची यादी) सक्तीचा झाला, पतसंस्था कंपनी कायद्याखाली नाहीत म्हणून त्यांना तो नियम लागू नाही. आधी तेवढं सहकारात आणा, लेखापरीक्षकाला ते वाचता येतं.

सातपूर_पाटील:
सर, एडिट लॉगसुद्धा त्याच सर्व्हरवर असतो ना? त्याचाही रूट बाहेर गेला नाही तर लॉगच बदलला हे तुम्हाला कसं कळणार? तुमच्या ऑडिटला माझा विरोध नाहीच, उलट ३१ मार्चचा रूट पेपरात छापलेला असेल तर तुम्हाला जूनमध्ये खात्री करता येईल की समोरची खतावणी त्याच दिवशीची आहे. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तेव्हा मी लेखी ठराव देणार आहे: आठवड्याला रूट दैनिकात, पावतीसोबत पुरावा, आणि तपासायचा प्रोग्राम सॉफ्टवेअर कंपनीचा नको, त्रयस्थाने लिहिलेला आणि सगळ्यांना उघडा.

सीए_कॉलेजरोड:
ठराव द्या. पण जाहिरातीचा खर्च अंतर्गत तपासणीच्या तरतुदीतून काढणार असतील तर मी सभेत उभा राहून विरोध करेन. सोनेतारणाची पाकिटं दर तिमाहीला मोजली जातात ते थांबलं तर तुमचा रूट कितीही बरोबर असो, ठेवीदार बुडणार. ठरावात तेही एक कलम घाला, मग माझी सही घ्या.