‘देव मानणे’ आणि ‘देवावर विश्वास असणे’ : अर्थ एकच आहे का?

‘आस्तिक म्हणजे देवावर विश्वास असणारा आणि नास्तिक म्हणजे तसा विश्वास नसणारा, एवढाच या शब्दांचा अर्थ आहे की आणखी काही?’ असा प्रश्न येथे विचारला गेला आहे. माझे मत आधीच सांगतो. ही व्याख्या आज रूढ आहे आणि ती चुकीची म्हणता येणार नाही, परंतु मराठी माणूस देवाविषयी जे बोलतो ते तिच्यात मावत नाही, कारण या विषयाचे आपले खरे क्रियापद ‘विश्वास असणे’ हे नसून ‘मानणे’ हे आहे.

हे मला प्रथम जाणवले ते एका प्रश्नावलीचे मराठीकरण करताना. मूळ प्रश्न इंग्रजीत होता आणि मी त्याचे ‘तुमचा देवावर विश्वास आहे का?’ असे सरळ भाषांतर केले होते. ती प्रश्नावली घेऊन आम्ही सातारा जिल्ह्यातील एका गावी गेलो. पहिल्याच घरी, ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या एका वयस्क बाईंनी प्रश्न ऐकून हात थांबवला आणि विचारले, ‘विश्वास म्हंजे? देव घरचाच हाय की.’ मी प्रश्न बदलून ‘तुम्ही देव मानता का?’ असे विचारताच त्या म्हणाल्या, ‘मानायला नको व्हय?’ आणि मग कुलदैवत कोणते, जेजुरीला शेवटचे कधी जाणे झाले, तळी कोण भरते आणि थोरल्या सुनेने नवरात्रातले उपास का सोडले, हे सारे त्यांनी सविस्तर सांगितले. पहिल्या प्रश्नाने त्यांना परक्यासारखे वाटले होते, दुसऱ्याने त्या बोलत्या झाल्या. दोष भाषांतराचा होता, म्हणजे माझा होता.

‘मानणे’ हे क्रियापद संस्कृत ‘मन्’ धातूपासून आले आहे, आणि मन, मत, मती, मान हे सगळे शब्द त्याच कुळातले आहेत. त्यामुळे त्यात ‘एखादी गोष्ट तशी आहे असे समजणे’ आणि ‘एखाद्याला मान देणे’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘त्या घरात थोरल्या भावाला सगळे मानतात’ या वाक्यात थोरला भाऊ अस्तित्वात आहे की नाही हा मुद्दाच नसतो, त्याचा शब्द पाळला जातो की नाही हा असतो. ‘मानलेली बहीण’ हा प्रयोग तर याहून बोलका आहे. येथे नाते जन्माने आलेले नाही, ते मानण्यातून तयार झाले आहे, आणि तरीही ते खोटे आहे असे कोणी म्हणत नाही, कारण भाऊबीजेला ओवाळणी घालावी लागते. ‘मानला तर देव, नाही तर दगड’ ही म्हण याच अंगाने समजून घ्यावी असे मला वाटते. पुष्कळ जण ती देवाच्या विरोधातली म्हण म्हणून वापरतात, पण ती मुळात देव कसा घडतो हे सांगते: पुढचा दगड तोच राहतो, बदलते ते आपले त्याच्याशी असलेले नाते.

‘विश्वास’ या शब्दाचे तसे नाही. तो ‘श्वस्’ धातूपासून, म्हणजे श्वास घेण्यावरून आला आहे. ज्याच्याजवळ निर्धास्त श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास असतो. म्हणूनच मराठीत विश्वासू नोकर असतो, विश्वासघात होतो, भावाभावांत विश्वास उरत नाही. देवाच्या बाबतीतही आपण हा शब्द याच अर्थाने वापरतो. ‘माझा देवावरचा विश्वास उडाला’ असे एखादा बाप तरणा मुलगा गेल्यावर म्हणतो, तेव्हा देव अस्तित्वात नाही असा निष्कर्ष त्याने काढलेला नसतो. देव आहे आणि त्याने दगा दिला, असे त्याला म्हणायचे असते. जो नाहीच, त्याच्यावर कोणी रागावत नाही. पाऊस पडेपर्यंत देव पाण्यात घालून बसणारा गाव, नवस फळला नाही म्हणून देवाशी अबोला धरणारी आजी आणि विठ्ठलाला सरळ शिव्या देणारी आपली संतपरंपरा, ही सगळी मंडळी देव मानणारीच आहेत, मात्र त्या त्या क्षणी त्यांचा विश्वास डळमळलेला आहे. इंग्रजी वळणाने ‘विश्वास’ हा एकच शब्द वापरला की हा फरक पुसला जातो.

ख्रिस्ती मराठीत मात्र ‘विश्वास’ हा शब्द मध्यभागी आहे, आणि तो तेथे शोभतो. मराठी बायबलमध्ये ‘देवावर विश्वास ठेवा’ असे स्पष्ट सांगितलेले आहे आणि त्या परंपरेत विश्वास हा उपासनेचा पायाच आहे. अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या ‘इमान’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट झाला. मुळात ‘ईमान’ म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा. मराठीत तो माणसामाणसांतला प्रामाणिकपणा झाला. आपला इमानदार गडी देव मानतो की नाही, हे त्या शब्दावरून मुळीच कळत नाही, आणि बेइमान ठरतो तोही देवाशी नव्हे, मालकाशी किंवा मित्राशी. मराठीने येथेही श्रद्धेपेक्षा नात्यालाच अधिक जवळ केले, असे मला दिसते.

आता मूळ प्रश्नातील जोडीकडे वळू. पाणिनीचे ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ असे सूत्र आहे. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि सारे दैवाधीन आहे असे मानणारा तो दैष्टिक. काय आहे किंवा काय नाही, हे सूत्रात सांगितलेले नाही. पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिका’ या जुन्या टीकेच्या कर्त्यांनी तेथे ‘परलोक’ हा शब्द घातला आहे, देव नव्हे. कठोपनिषदात नचिकेत यमाला जो प्रश्न विचारतो त्यातही हीच जोडी आहे: माणूस मेल्यावर काही म्हणतात ‘अस्ति’, काही म्हणतात ‘नायमस्ति’, म्हणजे ‘हा नाही’. पुढे मनुस्मृतीने ‘नास्तिको वेदनिन्दकः’ असे म्हणून वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवले. या कसोटीमुळे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक हे वेदांना मानतात म्हणून आस्तिक दर्शनांत गणले गेले, तर बौद्ध, जैन आणि चार्वाक हे वेद मानत नाहीत म्हणून नास्तिक ठरले. ईश्वर मानणाऱ्या योगदर्शनाला ‘सेश्वर सांख्य’ म्हणत आणि मूळ सांख्याला ‘निरीश्वर सांख्य’, यावरून ईश्वर मानणे न मानणे यासाठी वेगळे शब्द तेव्हाही लागत होते हे दिसते. म्हणून प्राचीन दर्शनांविषयी लिहिताना ‘नास्तिक’ या शब्दाचा आजचा अर्थ मागे नेऊन चिकटवू नये, आणि जेथे फक्त ईश्वराचा नकार सांगायचा आहे तेथे ‘निरीश्वरवादी’ हाच शब्द वापरावा, असा माझा आग्रह आहे.

बोलीत ‘नास्तिक’ ही बहुधा शिवी असते, आणि त्यात ‘वाया गेलेला’, ‘कशाचीच चाड नसलेला’ असा भाव येतो. आई मुलाला नास्तिक म्हणते तेव्हा त्याचे तत्त्वज्ञान तिने तपासलेले नसते. त्याने संकष्टीला अंडी खाल्लेली असतात. मतभेदाचे शब्द असे घसरतात खरे. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ हा कोणत्याही पंथाला उद्देशून आलेला साधा, आदराचा शब्द आहे; त्याचाच आपण ‘पाखंडी’ केला.

ज्यांनी या विषयावर मराठीत जबाबदारीने भूमिका घेतली त्यांनी शब्द किती जपून निवडले, हे पाहण्यासारखे आहे. जोतीराव फुले यांनी देव किंवा ईश्वर हे शब्द बाजूला ठेवून ‘निर्मिक’ हा शब्द वापरला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणारा हा माणूस जगाच्या निर्मात्याला नाकारत नव्हता, पण ‘देव’ म्हटले की त्यामागून येणारे पुरोहित, अवतार आणि मध्यस्थ त्याला नको होते. आगरकरांची वाट निराळी. १८८८ साली ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेल्या या विचारवंताला लोक नास्तिक म्हणत असले, तरी त्यांच्या भूमिकेला ‘अज्ञेयवाद’ हे नाव अधिक योग्य आहे. येथे ‘अज्ञात’ आणि ‘अज्ञेय’ यांत गल्लत होऊ नये: अज्ञात म्हणजे आज ठाऊक नसलेले, अज्ञेय म्हणजे जाणताच न येण्यासारखे.

‘मानणे’ या क्रियापदाचा सर्वांत वजनदार वापर मात्र १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झाला. डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना ‘देव मानणार नाही’ आणि त्यांची उपासना करणार नाही, असे म्हटले आहे. ते आहेत की नाहीत, याविषयी या प्रतिज्ञेत एक अक्षर नाही. ज्या देवतांच्या नावाने शतकानुशतके माणसांना दूर ठेवले गेले, त्यांच्याशी असलेले नाते संपले, एवढेच आणि तेवढ्याच ठामपणे सांगितले आहे. येथे ‘माझा विश्वास नाही’ असे लिहिले असते, तर ते एक मत झाले असते. ‘मानणार नाही’ हा निर्णय आहे, आणि भविष्यकाळी क्रियापदाने तो आयुष्यभराचा झाला आहे.

‘अंधश्रद्धा’ या शब्दावर येथे पूर्वी बरीच चर्चा झाली असल्याने एकाच गोष्टीची भर घालतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर जो कायदा आला, त्याच्या लांबलचक नावात नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आणि जादूटोणा हे सारे शब्द आहेत. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. मला हे योग्य वाटते. कोणाची श्रद्धा आंधळी हे कायद्याला मोजता येत नाही, कोणाला चटके दिले हे मोजता येते.

‘निधर्मी’ हा शब्दही नास्तिक या अर्थी सर्रास वापरला जातो आणि तो खात्रीने चुकतो. सरकारी अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती करता येणार नाही आणि ‘मला धर्म नाही’ असे म्हणण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. ते प्रकरण नेणारे याचिकाकर्ते येशू ख्रिस्ताला मानणारे होते. त्यांना नको होता तो धर्म, देव नव्हे.

आणखी एक आजचा प्रयोग नोंदवण्याजोगा आहे: ‘मी देव वगैरे मानत नाही, पण कुठली तरी शक्ती आहे असं वाटतं.’ शहरी मराठीत हे वाक्य इतके ऐकू येते की त्याला वाक्प्रचार म्हणायला हरकत नाही. त्यात दोन क्रियापदे आहेत आणि ती नेमकी निवडलेली आहेत. देवाच्या बाबतीत ‘मानत नाही’, म्हणजे पूजाअर्चा, सोवळे, नवस यांचे बंधन नाकारले. शक्तीच्या बाबतीत ‘वाटतं’, म्हणजे कोणतेही बंधन न स्वीकारता एक दार उघडे ठेवले. या बोलण्याला काही जण दुटप्पी म्हणतात. मला ते प्रामाणिक वाटते, कारण आपल्याला किती ठाऊक आहे याचे माप त्यात आहे.

शेवटी एक शब्द मागायचा आहे. माझे वडील गणिताचे शिक्षक होते आणि देव नाही, हे त्यांनी आम्हा मुलांना लहानपणापासून स्पष्ट सांगितले होते. देवळात ते गेले तर बाहेर चपलांजवळ थांबत. आई गेल्यावर देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकांचे काय करायचे, असा प्रश्न निघाला, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. त्यानंतरच्या घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पोहोचलो, तर ते मोरीपाशी पाटावर बसून बोटाने राख घेत एकेक टाक घासत होते. खंडोबाच्या घोड्याच्या पायांतली काळी रेघ निघावी म्हणून त्यांनी काडीला चिंधी गुंडाळली होती. पुढे सतरा वर्षे, स्वतः जाईपर्यंत, त्यांनी ते काम दुसऱ्या कोणाला करू दिले नाही, आणि हात एकदाही जोडले नाहीत. का करता, असे विचारले तर म्हणत, ‘घरात आहेत ना, मग करायला नको?’

आस्तिक, नास्तिक, निरीश्वरवादी, अज्ञेयवादी, सश्रद्ध, अश्रद्ध, भाविक यांपैकी एकही शब्द त्यांना लागू पडत नाही. ‘मानत नाही, पण करतो’ अशा माणसासाठी विदर्भात, खानदेशात, कोकणात किंवा गोव्यात एखादा बोलीतला शब्द असेल, तर तो वाक्यासह येथे अवश्य लिहावा.