मदत हवी आहे: उबदार पाण्यात स्कूबा शिकायचंय, कोल्हापूरहून कुठं जावं?

नमस्कार मंडळी,

आधी फजिती सांगतो, म्हणजे प्रश्न नीट कळेल.

डिसेंबरात आम्ही तिघं मालवणला गेलो होतो. किल्ल्याजवळ बोट नांगरून जे 'स्कूबा' करतात ते केलं. बोटीवर पाच मिनिटांचं शिक्षण: तोंडानं श्वास घ्या, कान दडपला तर नाक धरून फुंका, घाबरू नका. खाली गेल्यावर त्या पोरानं माझ्या पाठीवरचं सिलिंडर धरून मला मांजर पिल्लाला नेतं तसं फिरवलं. पाव चुरल्यावर पट्टेवाले मासे मास्कच्या काचेला धडका द्यायला लागले आणि मला इतका आनंद झाला, की 'एक नंबर' म्हणून अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'मला वर न्या'. पठ्ठ्यानं सरळ वर आणलं! पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती. बायको आणि पोरगी अजून खालीच, आणि मी बोटीच्या काठावर टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसलेला. त्या पोराचा काही दोष नाही, त्यानं खूण बरोबर वाचली.

पण तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. आता कुणी धरून फिरवायला नको, आपलं आपण पोहायचंय. म्हणजे रीतसर 'ओपन वॉटर'चा कोर्स. चार दिवसांचा असतो, समुद्रात चार डाइव्ह करायच्या, पास झालं की १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाता येतं, एवढं वाचून झालंय.

आमची अवस्था अशी. मी ४३ वर्षांचा, उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. पोहणं विहिरीतलं, चुलत्यानं पाठीला डबा बांधून ढकललं तेव्हापासूनचं. दम आहे, स्टाइल विचारू नका. चष्मा वजा साडेतीन. बायको ३९, पोहते, पण पाय टेकतील तेवढ्याच पाण्यात, आणि थंडीत तिला सायनसचा त्रास होतो. मुलगी १३, आठवीत, तिघांत सगळ्यात चांगली पोहणारी तीच. सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. त्यात वर्कशॉप मी फार तर दहा दिवस बंद ठेवू शकतो. बजेट तिघांचं सगळं मिळून अडीच लाख, ओढून ताणून पावणेतीन.

उबदार पाण्याचा हट्ट का, तर मालवणातच मी गारठलो. तेव्हा वाटलं आपणच नाजूक. नंतर वाचलं, की पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढतं, म्हणून २७-२८ अंशांच्या पाण्यातही पाऊण तासानं दात वाजतात. माणूस गारठला की श्वास भराभर घेतो, हवा लवकर संपते आणि शिकण्यात लक्ष राहत नाही. बायको तर गार पाण्यात उतरणारच नाही, हे तिनं लेखी दिल्यासारखं सांगितलंय.

आता पाहून ठेवलेल्या जागा.

गोवा जवळ आहे, ग्रँड आयलंडला डाइव्ह होतात. पण तिथंही पाणी मालवणसारखंच गढूळ असतं म्हणे. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट त्यापेक्षा बरंच स्वच्छ, आणि गाडीनं बेळगाव, हुबळी करत सात-आठ तासांत मुरुडेश्वर गाठता येतं. तिथून पुढं बोटीचा दीड तास. शिवाय आजूबाजूला सगळं खोल पाणी, बायकोला ते दाखवलं तर ती देवळात जाऊन बसेल.

अंदमानात हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. तिथं किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरायचं, खाली वाळू, मग हळूहळू खोली वाढत जाते, असं ऐकलंय. लक्षद्वीपचे फोटो बघून तर झोप उडाली, पण तिथं आपल्यालाही परवाना काढावा लागतो.

परदेशात थायलंडचं को ताओ. जगभरचे लोक तिथं हाच कोर्स करायला जातात आणि स्वस्त पडतो म्हणतात. विमानतळ नाही, बँकॉकनंतर बस किंवा रेल्वे आणि मग फेरीबोट. बालीत तुलांबेनला तर १९४२ साली जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागलेलं अमेरिकन मालवाहू जहाज किनाऱ्यापासून पोहत जाण्याच्या अंतरावर बुडालेलं आहे. दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसाला गंजलेलं जहाज दाखवायचं म्हणजे वेगळंच काम होतं. मालदीव यादीतून काढलं, खिशाकडं बघून.

मुलीचा पासपोर्ट अजून काढलेला नाही, हेही सांगून ठेवतो.

तर प्रश्न असा: आमच्यासारख्या कच्च्या तिघांनी एप्रिल-मेमध्ये कुठं जावं? आणि बायकोच्या सायनसचं काय करावं? जे स्वतः शिकलेत त्यांनी सांगावं. ट्रॅव्हल एजंटांचे फोन येऊन गेलेत.

—

प्रतिसाद १ (इचलकरंजीहून)

भावा, एवढा अभ्यास एमपीएससीला केला असतास तर कलेक्टर झाला असतास. गोव्याला जा, डाइव्ह मार, रात्री मासे खा, ये.

—

प्रतिसाद २ (पुण्याहून)

दादा, मी चार वर्षांपूर्वी हॅवलॉकला कोर्स केला, तेव्हा मला धड तरंगताही येत नव्हतं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही जागा आधी धरताय आणि महिना नंतर. उलट करा. तुमचा महिना शाळेनं ठरवून टाकलाय, मग त्या महिन्यात कुठलं पाणी शांत असतं एवढंच बघायचं. एप्रिलचा उत्तरार्ध अंदमानात उत्तम, समुद्र शांत, पाणी २९-३० अंश. मे जसा पुढं सरकतो तसा पावसाळा जवळ येतो, म्हणून मेच्या मध्यावर तिकिटं काढू नका. को ताओ थायलंडच्या आखातात आहे, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे तुमच्या सुट्टीत तेही चांगलंच. दिवाळीत जाणार असता तर मी को ताओ नको म्हटलं असतं. बालीलाही मे चांगला, पण तुलांबेनच्या किनाऱ्यावर मोठे गोल धोंडे आहेत. पाठीवर सिलिंडर घेऊन त्यावरून चालताना पाय लटपटतात. आणि कुणी शेजारच्या नुसा पेनिडा बेटाला नेतो म्हणालं तर नको म्हणा, तिथं प्रवाह जोराचे आणि पाणी एकदम गार होतं.

ताईंसाठी हॅवलॉकच. नेमो रीफ म्हणून जागा आहे, तिथं कंबरभर पाण्यात उभं राहून सगळं शिकवतात. पाय टेकतात. मला त्याचाच धीर होता. पहिल्या दिवशी मी सारखी पायाखाली वाळू आहे ना बघत होते, दुसऱ्या दिवशी विसरले.

खरी भीती खोलीची नसते, नाकात पाणी जाण्याची असते. कोर्समध्ये मास्क पाण्यानं भरून घ्यायचा आणि नाकानं फुंकून रिकामा करायचा असतो. माझ्या बॅचमधले दोघं तिथंच अडकले. याची तयारी घरी करा: स्नॉर्केल, म्हणजे श्वासाची नळी, तोंडात धरायचं, मास्क न लावता चेहरा बादलीत बुडवायचा आणि दोन मिनिटं फक्त तोंडानं श्वास घ्यायचा. पहिल्यांदा सगळे दचकून डोकं वर काढतात. आठवडाभर रोज केलं की सुटतं.

पोहण्याची परीक्षा २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, स्टाइल कुठलीही चालते. आणि दहा मिनिटं तरंगायचं. तुमच्या विहिरीतल्या पोहण्याला काही अडचण नाही.

चष्म्याचं म्हणाल तर नंबरच्या काचा लावलेला मास्क मिळतो. सेंटरला आधी नंबर कळवा, तिथं जाऊन मागितला तर मिळेलच असं नाही. आणि बुकिंग करताना हॉटेल कसं आहे हे विचारण्याआधी एका मास्तराकडं किती जण असतात ते विचारा. माझ्या मते चारच्या वर असतील तर दुसरीकडं जा.

—

प्रतिसाद ३ (सांगलीहून, कान-नाक-घशाचा डॉक्टर)

वहिनींच्या सायनसबद्दल. आंबोली घाट उतरताना कान बंद होतात, गिळलं की टक्कन उघडतात, तेच इथं होतं. फरक एवढाच, की पाण्यात पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. सगळ्यात मोठा बदल वरच्या थरात असतो, म्हणून कान दुखायची वाट न बघता पहिल्या मीटरपासूनच दर अर्ध्या मीटरला नाक धरून हलकं फुंकायचं. दुखल्यावर जोरात फुंकणं हा पडदा फाडून घ्यायचा रस्ता आहे.

सर्दी असेल त्या दिवशी उतरायचं नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरायचं तर मुळीच नाही. तिचा असर पाण्यात ओसरला तर खाली जाताना उघडलेली सायनसची वाट वर येताना बंद होते, आणि ते दुखणं फार वाईट. कोर्सला बसताना आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. त्यात सायनस, दमा, फिट्स, हृदयाचे आजार सगळं विचारतात. 'हो' असेल तिथं 'हो' लिहा आणि इथूनच तपासून डॉक्टरची सही घेऊन जा. तिथं पोचल्यावर 'नाही' लिहिण्याचा मोह होतो, पैसे भरलेले असतात ना.

उन्हाळ्यात जाताय हे त्यांच्यासाठी बरंच आहे.

—

प्रतिसाद ४ (कणकवलीहून)

मालवणला एवढं टाकून बोलू नका. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं शिकवण्यासाठी आठ मीटर खोल टँक आहे. पर्यटक करतात ते आणि तिथं शिकवतात ते, यात जमीन-अस्मानाचा फरक. कोर्सचा टँकमधला भाग एका ठिकाणी करून समुद्रातल्या चार डाइव्ह दुसरीकडं करता येतात, त्याला रेफरल म्हणतात. थिअरी घरी ऑनलाइन. असं केलं तर अंदमानातले दोन दिवस वाचतात. रेफरल कुठल्या संस्थेचं आहे आणि पुढचं सेंटर ते घेतं का, हे दोन्हीकडं विचारून घ्या. पॅडी या संस्थेचं साधारण वर्षभर चालतं.

टँकमध्ये कमरेला जेवढं वजन लावाल तेवढ्यात समुद्रात बुडणार नाही बरं का, खारं पाणी वर ढकलतं. दोनेक किलो जास्त लागतात. लोकांना वाटतं आपण विसरलो.

आता कोल्हापूरकरांसाठी खास. तुम्ही लोक सकाळी येता, दिवसभर पाण्यात असता आणि संध्याकाळी घाट चढून घरी. डाइव्हनंतर विमानात बसायला एका डाइव्हला १२ तास आणि अनेक डाइव्हला १८ तास थांबा म्हणतात, ते सगळ्यांना पाठ असतं. पण तो नियम २००० फुटांपासून पुढच्या उंचीसाठी आहे, आणि आंबोलीच ६९० मीटरवर, म्हणजे सव्वादोन हजार फुटांच्या पुढं. शरीरात मुरलेला नायट्रोजन उंचीवर दाब कमी झाला की बुडबुडे धरतो, आणि तो विमान आणि इनोव्हा यांत फरक करत नाही. पर्यटकांच्या दहा मिनिटांत फारसं काही मुरत नाही, ते सोडा. कोर्सच्या डाइव्ह किंवा आठ मीटरच्या टँकमध्ये दिवसभर असाल तर रात्री इथंच मुक्काम करा. सोलकढी प्या, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघा.

—

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. इचलकरंजीकर, तुमचेही.

घाटाचं मला खरंच सुचलं नव्हतं. आमचा बेत चक्क शनिवारी पहाटे निघून रविवारी संध्याकाळी टँकमधून बाहेर पडलं की गाडी काढायची असाच होता. आता सोमवारची दुपार धरली आहे. मुलीची एक दिवस शाळा बुडेल, तिला त्याचं दुःख नाही.

सध्या असं ठरतंय: फेब्रुवारीत तारकर्ली, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अंदमान. वर्कशॉप नऊ दिवस बंद. परतीच्या विमानाआधीचा अख्खा दिवस कोरडा ठेवलाय, त्या दिवशी पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) सेल्युलर जेल बघू. पासपोर्टचा प्रश्नच मिटला. मुलीला १५ पूर्ण होईपर्यंत ज्युनिअरचं कार्ड मिळणार आणि कार्ड असलेल्या मोठ्या माणसाबरोबरच उतरता येणार, म्हणजे मला पास व्हावंच लागणार. ती हे दिवसातून दोनदा ऐकवते.

लक्षद्वीप तूर्त मनातून काढलं. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी इतकं तापलं, की प्रवाळ पांढरं पडलं, हे वाचून जरा वाईटही वाटलं. आपण उबदार पाणी शोधत हिंडायचं आणि त्या उबेनंच खालचं सगळं मरायचं. अंदमानातही २०१० ला तसं झालं होतं, हे नंतर कळलं.

बादलीचा प्रयोग काल झाला. मी चौथ्या सेकंदाला डोकं वर. खोकून खोकून जीव गेला. बायकोनं घड्याळ लावून पावणेदोन मिनिटं काढली आणि टॉवेलनं तोंड पुसत म्हणाली, "एवढंच?"

आता एकच राहिलं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक फेरीबोट एप्रिलअखेर कितपत हलते? पाण्याखालचं बघू, पण हिला गगनबावड्याच्या वळणांवरच पिशवी लागते. खाली बसावं की वर डेकवर, आणि गोळी किती वेळ आधी घ्यायची, हे कुणी गेलेलं असेल तर सांगा.