नॉर्थम्बरलँडमधली (उत्तर इंग्लंड) स्वस्तातली हॉस्टेलं: तुमचे अनुभव लिहा

टाईनकाठची:
काल भाचीचा फोन आला होता. डरहमला शिकायला गेलीय, ईस्टरच्या सुट्टीत रोमन भिंत बघायला जायचं म्हणते. हॉटेलं परवडत नाहीत. "मावशी, अनोळखी बायकांबरोबर एका खोलीत झोपायचं म्हणजे कसं गं? बरं असतं ना?" तिला सांगता सांगता माझंच सगळं वर आलं.

न्यूकॅसलला शिकत होते तेव्हा महिनाअखेरीला हातात काही उरायचं नाही. तरी एखाद्या शनिवारी कार्लाईलकडे जाणारी गाडी पकडायची, हेक्सम मागे पडलं की बार्डन मिल नाहीतर हॉल्टव्हिसलला उतरायचं. पुढे बस. बसचा नंबर एडी १२२, कारण रोमन सम्राट हेड्रियनने भिंत बांधायला घेतली ते साल इसवी सन १२२, इंग्रजीत एडी १२२. उन्हाळ्यात बरी मिळते, एरवी वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. उतरायचं वन्स ब्रूडला. तेव्हा तिथे वायएचएचं (म्हणजे तिथली यूथ हॉस्टेल संघटना) जुनं हॉस्टेल होतं. आता ती इमारत नाही. त्या जागी द सिल आहे, पर्यटकांसाठीचं माहिती केंद्र आणि त्यातच नवं हॉस्टेल, २०१७ ला उघडलं, छपरावर चक्क गवत लावलंय.

मला खोलीपेक्षा आठवते ती ड्रायिंग रूम, ओले कपडे-बूट वाळवायची. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी: एक छोटी कोंदट खोली, गरम पाइप, दांड्यांवर टांगलेली जाकिटं, खाली ओळीने चिखलाचे बूट, आणि ओल्या लोकरीचा वास. पहिल्यांदा गेले तेव्हा स्टील रिगवरून येताना पावसाने झोडपलं होतं. माझे बूट बघून एक साठीच्या बाई उठल्या. कुठून तरी वर्तमानपत्र आणलं, पानं फाडून चुरगळली आणि पार चवड्यापर्यंत कोंबली. म्हणाल्या, झोपायच्या आधी हा कागद काढ आणि कोरडा भर, नाहीतर सकाळी ओलेच मिळतील. त्या पेनाइन वे चालत होत्या, एकट्या. दक्षिणेत ईडेलपासून स्कॉटलंडमधल्या कर्क येथोमपर्यंत, २६८ मैल. रात्री स्वयंपाकघरात त्यांनी मला नकाशा वाचायला शिकवला. मी त्यांना मेतकूट भात दिला, तर भांडं पुसून खाल्ला.

भाचीला म्हटलं, बिनधास्त जा. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला अशा ठिकाणी राहिलं असेल तर लिहा ना. तिला हा धागाच पाठवणार आहे.

खमंग:
आलेच! पोळ्या आटोपते मग लिहिते. टोस्टचा किस्सा आहे माझ्याकडे.

जुना_वाटसरू:
वा. माझी गोष्ट १९७८ सालची. संडरलंडच्या इस्पितळात ज्युनियर डॉक्टर होतो. सुट्टी लागून आली की मी आणि नागपूरचा एक सहकारी निघायचो. आजच्या मुलांना पटणार नाही असे नियम होते. सकाळी दहाला सगळ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप, ते संध्याकाळी पाचला उघडणार, मग बाहेर पाऊस असो की गारा. बायका-पुरुषांच्या खोल्या वेगळ्या. दारू नाही. रात्री ठरल्या वेळी दिवे बंद. आणि सकाळी प्रत्येकाला एक काम. ते केल्याशिवाय वॉर्डन सभासद-कार्ड परत देत नसत. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा जेवणघर झाडणं यायचं. सुरुवातीच्या काळात तर मोटारीने येणाऱ्याला जागाच नसे. पायी या, सायकलने या, नाहीतर होडी वल्हवत या.

चादरीची शिवलेली पिशवी बरोबर लागायची, तिच्यात शिरून त्यांच्या घोंगडीखाली झोपायचं. दुकानातली महाग वाटली म्हणून घरी पत्र टाकलं. आईने वडिलांच्या जुन्या धोतराची शिवून पाठवली, तोंडाशी नाडीसुद्धा. मऊ, हलकी, घडी करून कोटाच्या खिशात मावायची. वन्स ब्रूडच्या वॉर्डनबाईंनी ती हातात घेऊन शिवण उलटसुलट बघितली आणि आईसाठी शाबासकी दिली. तसं पत्रात कळवलं, तर आईने ते पत्र शेजारपाजारी वाचून दाखवलं.

वायएचए १९३० ची. इतिहासकार जॉर्ज मॅकॉले ट्रेव्हेलियन पहिले अध्यक्ष. सुरुवातीला एका रात्रीचा एक शिलिंग घेत. गिरणीत-खाणीत राबणाऱ्या पोरांना शनिवार-रविवार मोकळी हवा मिळावी, हा त्यामागचा विचार. मला आजही त्या विचाराबद्दल फार आदर आहे.

सह्यकन्या:
काका, धोतराची पिशवी!!! डोळ्यांत पाणी आलं. आहे का अजून?

जुना_वाटसरू:
आहे. नातीने मागून घेतली.

पन्हाळकर_सध्या_लीड्स:
लई भारी धागा. ताई, वन्स ब्रूड म्हणजे काय भानगड आहे? शेजारच्या पबावर ट्वाइस ब्रूड लिहिलेलं बघितलंय.

टाईनकाठची:
तिथले लोक सांगतात ती गोष्ट अशी. ब्रूड म्हणजे उकळून केलेलं, बिअर असो की चहा. ट्वाइस ब्रूड पब आधीपासूनचा. १९३४ ला हॉस्टेल उघडायला वॉलिंग्टनच्या लेडी ट्रेव्हेलियन आल्या, काकांनी लिहिलेल्या जॉर्जरावांच्या भावजय. दारूच्या कट्टर विरोधात. म्हणाल्या, इथे फक्त चहा मिळेल आणि तो एकदाच उकळलेला असेल अशी आशा करते. म्हणून हे वन्स ब्रूड.

खमंग:
झाल्या पोळ्या. तर आम्ही तिघी मैत्रिणी, हॉल्टव्हिसलजवळच एका खासगी बंकहाउसात (साधं हॉस्टेलच ते). दिवसभर भिंतीवर चालून आलो होतो, क्रॅग लॉफचं तळं, हाउसस्टेड्सचा किल्ला, सगळं. (हाउसस्टेड्सला रोमन सैनिकांचं सामायिक शौचालय आहे, रांगेने बसायचं. गाइड फार रंगून सांगतात. असो.) मी पिठलं टाकलं. मोहरी तडतडली आणि त्याच क्षणी फायर अलार्म. सगळे बाहेर थंडीत, कोणी टॉवेलवर, कोणी पायात नुसते मोजे. आणि सगळ्यांच्या नजरा आमच्या कढईवर, कारण ती मी हातात धरूनच बाहेर आले होते! मालक आत जाऊन आला आणि सांगितलं, टोस्टर. शाळेच्या सहलीतल्या एका मुलाने चीज लावलेला पाव उभा घातला होता. मग अंगणातल्या बाकावरच कढई ठेवली, पाव तोडले आणि जमलेल्या सगळ्यांना पिठलं वाढलं. त्या मुलालाही. बिचारा रडवेला झाला होता.

केतकी_बन:
पिठलं-पाव 😂 मला आत्ता खावंसं वाटतंय.

खमंग:
ये की घरी. कुठे आहेस?

केतकी_बन:
डोंबिवली. 😭

निवांत_७२:
सगळे गोड गोड लिहिताय म्हणून दुसरी बाजू लिहितो. घोरणं. सहा जणांच्या खोलीत एक जण असा मिळाला की खिडकीची काच थरथरत होती. वरचा बंक, शिडीची पायरी कुरकुरणारी, त्यामुळे रात्री खाली उतरायचं म्हणजे सगळ्यांना उठवायचं. शेवटी उशी घेऊन बैठकीच्या खोलीत गेलो. पन्नाशी उलटली की दोघांची वेगळी खोली घ्या. बहुतेक ठिकाणी मिळते, हॉटेलपेक्षा तरी स्वस्त पडते.

सह्यकन्या:
कानातले बोळे. मेणाचे, फोमचे नकोत.

आईची_काळजी:
माझी मुलगी पण तिकडेच आहे, यॉर्कला. खरं सांगा, एकट्या मुलीला सुरक्षित असतं का? मला नुसत्या विचाराने झोप येत नाही.

मीठभाकर:
ताई, मी एकटीच फिरते, तुमची काळजी समजते. मी काय बघते ते सांगते. बुकिंग करताना फक्त बायकांची खोली निवडायची. तसा पर्याय असतो, आणि दिसला नाही तर फोन करून विचारायचं, नीट उत्तर देतात. मोठ्या हॉस्टेलांत खोलीच्या दाराला कार्ड किंवा आकड्यांचं कुलूप असतं. सामानाला स्वतःचं छोटं कुलूप न्यायचं. खालचा बंक मागून घ्यायचा. अंधार पडायच्या आत पोचायचं, कारण त्या बाजूला बसथांब्यापासून हॉस्टेलपर्यंत रस्त्यावर दिवे नसतात आणि मोबाईलला रेंज जाते. मला भीती वाटली असेल तर ती त्या रस्त्याची, माणसांची कधीच नाही. एकदा एका ठिकाणी (नाव नको) खोलीचं कुलूप बिघडलेलं होतं आणि रिसेप्शनवर रात्री कोणीच नाही. मी रात्रभर दाराला बॅग लावून झोपले. तेव्हापासून रात्री कर्मचारी असतात का हे आधीच विचारते. तुमच्या मुलीलाही हे विचारायला सांगा.

आईची_काळजी:
मनापासून आभार. हे सगळं तिला पाठवलं.

पन्हाळकर_सध्या_लीड्स:
चादर-उशी मिळते की न्यायची? आमच्या मंडळींचं म्हणणं स्लीपिंग बॅग घेऊन जाऊ.

मीठभाकर:
वायएचएत चादर, उशी, रजई देतात. टॉवेल नाही. स्वतःची स्लीपिंग बॅग आत वापरू देत नाहीत, ढेकणांमुळे. बंकहाउस असेल तर उलट, बऱ्याच ठिकाणी न्यावीच लागते. बुकिंगच्या पानावर बघा.

वेनलॉकचा_वारा:
नॉर्थम्बरलँडचं नाही, पण तितकंच निवांत म्हणून लिहितो. आम्ही बर्मिंगहॅमचे, श्रॉपशरला जातो. तिथे वेनलॉक एजच्या पायथ्याशी वाइल्डरहोप मॅनर, सोळाव्या शतकातला दगडी वाडा, आणि त्यात हॉस्टेल. वाडा नॅशनल ट्रस्टचा, जुन्या वास्तू जपणारी संस्था. जिना ओकच्या लाकडाचा, गोल गोल वर जाणारा, पायऱ्या झिजून मध्ये खोलगट झाल्यात. छताला चुन्याची नक्षी. पोरांना हॅरी पॉटरमध्ये आल्यासारखं वाटलं. जवळ मेजर्स लीप म्हणून कडा आहे. यादवी युद्धात राजाच्या बाजूचा मेजर स्मॉलमन शत्रू पाठीवर असताना घोड्यासकट तिथून खाली उडाला, घोडा गेला, हा झाडात अडकून वाचला, अशी कथा. माझा मुलगा ऐकून म्हणाला, बाबा, हे तर आपल्या गडांवर सांगतात तसंच आहे!

सह्यकन्या:
गडावरून आठवलं. आपल्याकडे राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी टाकून झोपायचो, तिथे तर कोण कुठला विचारायची सोयच नसायची, आणि सकाळी सगळे मिळून एका चुलीवर चहा. ज्यांनी ते केलंय त्यांना डॉर्मिटरीचं काय कौतुक. यूथ हॉस्टेलचे हिमालयातले ट्रेक कोणी केलेत का? रात्रीचं बोर्नव्हिटा आठवतंय का?

निवांत_७२:
बोर्नव्हिटा! आणि खाली ठेवलेल्या दिव्याभोवती गाणी. सार पास. तिथलं कार्ड मी इंग्लंडमध्ये दाखवलं होतं, आंतरराष्ट्रीय संघटना एकच असल्याने चाललं.

केतकी_बन:
सार पासचा वेगळा धागा काढा कोणीतरी प्लीज.

हिरवा_अभंग:
सिकामोर गॅपबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मला लिहावंच लागेल. द सिलला राहिलो होतो, सकाळी न्याहारीच्या आधी चालत गेलो. भिंत खाली उतरते, पुन्हा वर चढते, आणि त्या खोलगट जागेत ते एकच झाड. कोणी नव्हतं. मेंढ्या आणि वारा. सप्टेंबर २०२३ मध्ये ते रात्रीत कापलं तेव्हा ऑफिसात बातमी वाचली आणि उठून बाहेर गेलो. अजून राग येतो. दोघांना शिक्षा झाली, चार वर्षांहून जास्त. बुंध्याला नवे कोंब फुटलेत आणि खोडाचा एक भाग द सिलमध्येच ठेवलाय, लोक हात लावून बघतात. राहायला गेलात तर नक्की बघा.

टाईनकाठची:
माझ्याकडे त्या झाडाखालचा फोटो आहे. बघवत नाही आता.

जुना_वाटसरू:
विंडोलांडाचा रोमन किल्लाही चुकवू नका, द सिलपासून चालत जाण्यासारखं आहे. तिथे लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली रोमन पत्रं १९७३ पासून सापडत आलीत. एकात कोणीतरी सैनिकाला कळवलंय की मोजे पाठवलेत, दोन जोड चपला आणि आतले कपडे. त्या थंडीत चालून आल्यावर हे वाचलं की त्या माणसाची काळजी थेट पोचते.

खमंग:
काका, कोणाच्या तरी आईने पाठवले असणार!

रानवाटा:
किनाऱ्याचं लिहा की कोणी. आम्ही सीहाउसेसजवळ राहिलो, फार्न बेटांची बोट घेतली. पफिन पक्षी! मे-जूनमध्ये जा, डोक्यावर टोपी हवीच, आर्क्टिक टर्न घरट्याजवळ गेलं की टाळक्यात चोच मारतात. होली आयलंडला जाणार असाल तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच रस्ता धरा, दिवसातून दोनदा तो पाण्याखाली जातो. गाड्या अडकतात दरवर्षी.

मीठभाकर:
गाडी नसेल तर न्यूकॅसलहून एक्स १८ बस. ॲनिक, सीहाउसेस करत बेरिककडे. वरच्या मजल्यावर पुढची सीट. एकेरी भाड्याला सध्या तीन पौंडांची मर्यादा आहे, जे काही फिरायचं ते यातच फिरून घ्या. आणि हॉस्टेलचं बुकिंग लवकर करा, जागा कमी होत चालल्यात. २०२३ मध्ये वायएचएने वीस हॉस्टेलं विकायला काढली. शनिवारी अख्खं हॉस्टेल एखादा ग्रुपच घेतो, रविवार ते गुरुवार मिळतं.

पन्हाळकर_सध्या_लीड्स:
ऑगस्टमध्ये पफिन दिसतील का? पोरांच्या शाळेला तेव्हाच सुट्टी.

रानवाटा:
नाही हो दादा, जुलैअखेर समुद्रात निघून जातात. मेच्या शेवटी शाळेला आठवड्याची सुट्टी असते ना, तेव्हा काढा. सील मात्र ऑगस्टमध्येही दिसतील.

पन्हाळकर_सध्या_लीड्स:
मेचं बघतो मग. तिथल्या स्वयंपाकघरात कुकर असतो का?

खमंग:
नसतो. छोटा तीन लिटरचा न्या, शिट्टी झाली की सगळे बघायला येतात. फ्रिजमध्ये डबा ठेवताना नाव आणि जायची तारीख लिहून चिकटवा, नाहीतर टाकून देतात. मेतकूट न्याच.