सिगारेट आणि लांबलेले मूल : आपले अनुभव

तलावपाळी
गेल्या आठवड्यात नौपाड्यातील एका वंध्यत्व उपचार केंद्राबाहेर एक तरुण टपरीपाशी सिगारेट ओढत उभा होता. त्याची बायको आतून आली तेव्हा रक्त घेतल्याचा कापूस तिने दाबून धरला होता, आणि मला आमचे 2012 साल आठवले. चार वर्षे हिच्याच सोनोग्राफ्या आणि हिच्याच गोळ्या चालल्या होत्या. माझी तपासणी करावी हे घरात कोणाच्या मनातही आले नव्हते. अखेर वीर्यतपासणीत मिलिलिटरमागे 90 लाख शुक्राणू निघाले, तेव्हाची किमान मर्यादा दीड कोटी होती. वागळे इस्टेटच्या रात्रपाळीत मी पंधरा सिगारेटी ओढत असे. धुरातील कॅडमियम, शिसे वगैरे द्रव्यांमुळे शुक्राणूंची संख्या व हालचाल घटते आणि त्यांच्या डीएनएलाही इजा होते, असे डॉक्टरांनी समजावले. शुक्राणू तयार होण्यास सुमारे 74 दिवस लागतात, म्हणून सिगारेट सोडल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा दोन कोटींवर गेला होता.

सानपाडा
आमच्याकडे संख्या चांगली होती, हालचाल मात्र मंद. माझे दोन गर्भ आठव्या आठवड्यापूर्वीच गेले. सिगारेटच कारणीभूत आहे असे डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत, पण तोवर सर्व बोल मीच ऐकले होते.

कळवा
ताई, वाचून फार वाईट वाटले. आमचे हे सिगारेट ओढत नाहीत, चुना लावून तंबाखू मळतात. तेही यात येते का?

तलावपाळी
येते. निकोटीन तोंडावाटेही रक्तात जाते आणि चघळणाऱ्यांच्या वीर्यातही दोष आढळले आहेत.

ऐरोली
मी सिगारेट सोडून पाच महिने झाले तरी आकडा हलला नाही. पुढे व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशातील शिरांची सूज, निघाली. त्यामुळे सोडल्यावर केवळ वाट पाहू नये, यूरोलॉजिस्टकडून तपासूनही घ्यावे. सोडताना मला 1800-11-2356 या सरकारी मोफत क्रमांकावरील समुपदेशकांचा मोठा आधार झाला.

सानपाडा
त्या तरुणाशी आपण बोललात का?

तलावपाळी
बोललो. त्याची तपासणी झालीच नव्हती. 2 ते 7 दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, एवढेच असते, हे ऐकून त्याने सिगारेट विझवली आणि नाव नोंदवायला तो बायकोबरोबर पुन्हा आत गेला.