मदत हवी आहे: मुंबई महापालिकेच्या 1888 ते 1922 मधल्या वॉर्डनिहाय जागा

1872 पासूनच्या सभागृहाच्या रचनेचा तक्ता करतोय. एकूण आकडे जुळलेत. 1872 ला 64 सभासद: 32 करदात्यांनी निवडलेले, 16 जस्टिसांनी (जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) निवडलेले, 16 सरकारनियुक्त. 1888 च्या कायद्याने 72: वॉर्डांतून 36, जस्टिसांकडून 16, विद्यापीठाच्या फेलोंकडून (सिनेट सदस्यांकडून) 2, चेंबर ऑफ कॉमर्सचे 2, सरकारचे 16. म्हणजे नेमके निम्मेच लोकांतून आलेले, हे अनेकजण विसरतात. 1922 ला एकूण संख्या 106 झाली, त्यांपैकी 76 निवडून आलेले. महिना 10 रुपये भाडे भरणाऱ्यालाही मत मिळालं. प्रौढ मतदानावरची पहिली निवडणूक 1948 ची.

अडलंय ते इथे. 36 जागा म्हणजे 36 वॉर्ड नव्हेत. तेव्हा शहराचे ए ते जी असे मोठे वॉर्ड होते आणि एकेका वॉर्डातून अनेक सभासद जात. आजचे 227 प्रभाग त्यांच्याशी थेट ताडून पाहिले की हिशोब फसतो, कारण 1950 आणि 1957 ला उपनगरं जोडली गेली. शिवाय अक्षरी वॉर्ड आता प्रशासकीय, निवडणुकीचे नाहीत.

तर कुणाकडे हे आहे का:
– त्या काळच्या वार्षिक अहवालातलं वॉर्डनिहाय जागावाटपाचं पान
– वॉर्डांच्या हद्दी दाखवणारा नकाशा (फोटो चालेल, पण कोपऱ्यातलं वर्ष वाचता यावं)

नंतर छापलेल्या स्मरणिकांमधले आकडे नकोत. त्यांत नियुक्त आणि निर्वाचित सर्रास एकत्र मोजलेले असतात.