बेडसोरचा फ्लॅप: आधी ऑपरेशन की आधी घरची तयारी?

पाणवठा: धाकटा भाऊ नारळावरून पडला, कमरेखाली संवेदना नाही. बैठकीच्या हाडाशी चौथ्या स्टेजचा, म्हणजे पार स्नायू-हाडापर्यंत गेलेला बेडसोर (सतत दाबाने पडलेली जखम) झाला, म्हणून मांडीमागचं मांस-कातडी त्या खड्ड्यावर सरकवून फ्लॅप केला. चार आठवडे पालथा नाहीतर कुशीवर. टाके सुरेख भरले. घरी आल्यावर दिवसदिवस दुकानाच्या गल्ल्यावर बसायला लागला आणि चौथ्या महिन्यात त्याच जागी पुन्हा खळगा. आता परत फ्लॅप सांगितलाय. माझं मत: बसायची धड सोय आणि उठवायला माणूस असल्याशिवाय ऑपरेशन करूच नये. मांडी काय दरवेळी नवी मिळते?

खडीसाखर: अजिबात पटलं नाही. बाबांच्या माकडहाडाजवळ आत हाड दिसत होतं. ‘आधी तब्येत सुधारू’ म्हणत ७ महिने ड्रेसिंग केलं. गॉज भिजून चादरीपर्यंत यायचं. त्या पाझरातून प्रथिनं जातात. अंडी, डाळ, पावडर, काही केल्या अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) वर येईना. मग ताप, मग हाडात इन्फेक्शन. शेवटी कुजकं हाड तासून ढुंगणाचा फ्लॅप फिरवला. २ वर्षं टिकलाय. तुमच्या नियमाने थांबलो असतो तर बाबा गेले असते.

पाणवठा: बाबा झोपून असतात ना? झोपलेल्याची कूस बदलता येते. मणक्याच्या दुखापतींचे डॉक्टर गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडात स्टोक मँडव्हिलच्या हॉस्पिटलात दर दोन तासांनी तेच करवलं. भाऊ बसतो, सगळा भार दोन हाडांवर.

भोचक: मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे. फ्लॅप मुद्दाम मोठा घेतात, टाक्यांची रेघ हाडावर येऊ देत नाहीत. गरज पडली तर तोच पुन्हा उचलून पुढे सरकवता येतो, दरवेळी नाही. पाय झटके देत असतील तर आधी औषधाने आवरा, नाहीतर टाके उसवतात. हे पेशंटकडचे आपणहून कधीच सांगत नाहीत! बरं, भाऊ बसतो कशावर?

पाणवठा: गोल रबरी उशी, मधे भोक असलेली. मेडिकलवाल्यानेच दिली.

भोचक: ती आजच काढा. भोकाच्या कडेने कातडी दाबली जाते, आतल्या भागाचं रक्त तुटतं. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, गिऱ्हाईक समोर असलं तरी.

खडीसाखर: उशी बदला, पण ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवा.

पाणवठा: उशी बदलतो. तारखेचं त्याला विचारतो. गल्ला सोडायला तो तयार नाही, खरं भांडण तिथे आहे.